खरा शिकलेला माणूस ओळखायचा कसा? (डिग्री बाजूला ठेवून)

मुक्ता_लिहिते

नमस्कार मंडळी, चुकीच्या विभागात धागा काढला असेल तर ॲडमिननी हलवावा.

आमच्याकडे सध्या नवीन लोक घ्यायचं चाललंय आणि या वेळी मुलाखतीच्या पॅनेलवर मी आहे. सीव्ही वाचून वाचून डोळे गेले. मार्क सगळ्यांचे चांगले, डिग्र्या सगळ्यांच्या दणदणीत, सर्टिफिकेटं तर विचारू नका. पण यातला खरंच शिकलेला कोण आणि नुसता पास झालेला कोण हे कागदावरून काही केल्या कळत नाही. साहेब म्हणाले, मार्कांपलीकडे काय बघायचं ते अर्ध्या पानात लिहून दे, सगळ्या पॅनेलला वाटू. मी लिहायला बसले तर 'जिज्ञासू वृत्ती', 'नम्रता', 'सतत शिकण्याची तयारी' असलंच काहीतरी झालं आणि वाचून माझा मलाच कंटाळा आला. नम्र तर मुलाखतीत सगळेच असतात हो, तासभर कोणालाही जमतं.

म्हणून मला गुणांची नावं नकोयत, सवयी सांगा. डोळ्यांना दिसेल अशी गोष्ट, की बाबा हा माणूस असा असा वागला म्हणजे समजायचं याला शिक्षण लागलंय.

आणि जाता जाता दुसरं, यावरून घरी वाद झाला. भाऊ म्हणतो 'डिग्री म्हणजे शिक्षण नव्हे' हे बोलायला छान वाटतं पण शेवटी शाळा कॉलेज करूनच माणूस विचार करायला शिकतो, अपवाद सोडून द्या. त्याचं पटतंही आणि पटत नाहीही. काय म्हणता?

---

कोरापान

'अपवाद सोडून द्या' म्हटलं की पहिला आठवतो तो इंग्लंडचा शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे, या विषयात तो हटकून येतोच, तर मीच आणतो. लोहाराचा मुलगा, शाळा लिहिण्यावाचण्यापुरती, चौदाव्या वर्षी बुकबाइंडरकडे उमेदवारीला. इथवर सगळ्यांना पाठ असतं आणि मग 'बघा, शाळा न शिकता एवढा मोठा झाला' म्हणून गोष्ट गुंडाळतात. मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. १८१२ मध्ये त्याला हम्फ्री डेव्ही या नामांकित रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं मिळाली, तर गडी ऐकून टाळ्या वाजवून घरी नाही आला. टिपणं काढली, ती घरी सविस्तर लिहून काढली, आकृत्या काढल्या, सगळी मिळून तीनशेच्या आसपास पानं झाली, ती स्वतःच्या हाताने बांधली आणि थेट डेव्हीला पाठवून दिली. पुढच्या वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, म्हणजे डेव्हीच्याच लंडनमधल्या विज्ञानसंस्थेत, नोकरीला लागला. आपण किती व्याख्यानं आणि व्हिडिओ बघतो आणि त्यातल्या किती गोष्टी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या शब्दांत अर्धं पान लिहू शकतो, बघा जरा करून.

आता माझा खरा मुद्दा. १८५७ मध्ये फॅरेडे ६६ वर्षांचा होता, विद्युतचुंबकीय प्रवर्तन (चुंबक हलवून तारेत वीज निर्माण होणं) शोधून २६ वर्षं झालेली, जगभर नाव. आणि त्याने पत्र लिहिलं मॅक्सवेल या गणिती भौतिकशास्त्रज्ञाला, जो तेव्हा २६ वर्षांचा पोरगा होता. काय लिहिलं, तर तुम्ही गणिती लोक समीकरणं मांडून एखाद्या निष्कर्षाला पोचलात की तोच निष्कर्ष साध्या भाषेत, तितकाच पूर्ण आणि स्पष्ट, मांडता येणार नाही का, म्हणजे आम्हा प्रयोग करणाऱ्यांना त्यावर काम करता येईल. फॅरेडेला गणित येत नव्हतं आणि ते त्याने आपल्याहून चाळीस वर्षांनी लहान माणसाला सरळ कळवलं, कुठे आडपडदा नाही. विनंती पण किती नेमकी, 'समजवा हो जरा' अशी मोघम नाही.

मुक्ता, तुमच्या पॅनेलसाठी यातून निघतं ते असं. बोलता बोलता एखादा शब्द असा टाका जो समोरच्याला माहीत नसण्याची दाट शक्यता आहे, आणि गप्प बसा. एक जण मान डोलावत राहील आणि अंदाजपंचे उत्तर ठोकेल. दुसरा म्हणेल, थांबा, हा शब्द मला माहीत नाही, याचा अर्थ अमुक असा धरू का? दुसरा घ्या.

---

बेरकी_बोका

आमच्याकडे मीटिंगमध्ये असा अर्थ विचारणाऱ्याला पुढच्या मीटिंगला बोलवत नाहीत 😀

---

जुनी_वही

मुक्ता, तुझ्या भावाची बाजू कोणी घेत नाहीये म्हणून मी घेते, आयुष्य वर्गात गेलंय माझं.

'शाळेत काय शिकवतात, नुसती घोकंपट्टी' हे म्हणणारे सगळे शाळा शिकलेले असतात हे आधी लक्षात घ्या. शाळा नेमकं काय देते ते आपल्याला दिसत नाही, कारण आपल्या अंगात ते मुरलेलं असतं. अलेक्झांडर लुरिया नावाचे एक रशियन मानसशास्त्रज्ञ १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले होते. तेव्हा तिथे काही लोक पूर्ण निरक्षर होते आणि काही नुकतेच थोडंफार शिकलेले, त्यामुळे एकाच गावात तुलना करता आली. त्यांनी विचारलं, उत्तरेकडे जिथे बर्फ असतो तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात, नोवाया झेमल्या उत्तरेकडे आहे आणि तिथे बर्फ असतो, तर तिथली अस्वलं कुठल्या रंगाची? न शिकलेल्यांची उत्तरं कशा पद्धतीची होती, तर 'मला काय माहीत, मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरं पाहिलेलं नाही', 'जो तिथे जाऊन आलाय त्याला विचारा'. आणि थोडीशीच शाळा झालेले लोक पटकन म्हणायचे, पांढरी.

आता यात ती माणसं बिनडोक होती असं अजिबात नाही हं, शेतीचे आणि जनावरांचे निर्णय ती आपल्याहून शंभर पटीने चांगले घेत असणार. शिवाय जे पाहिलं नाही त्याबद्दल बोलायचं नाही हा बाणेदारपणा तर हल्ली शिकलेल्यांनाच शिकवायची वेळ आलीय. पण 'समजा असं आहे असं धरू, मग पुढे काय होईल' ही उडी मारता येणं, स्वतःच्या अनुभवाच्या बाहेर पाय टाकून विचार करता येणं, ही मोठी गोष्ट आहे आणि ती बहुतेकांना शाळेतच लागते. विज्ञान, कायदा, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघणं, सगळ्याला ती लागते. वर्गात एखाद्या मुलाला म्हणावं, 'समजा गुरुत्वाकर्षण अर्धं झालं तर?' आणि पोराने म्हणावं 'पण होणारच नाही ना बाई', तिथे माझं काम सुरू व्हायचं.

फॅरेडेबद्दल एवढंच की हजारो न शिकलेल्यांतून एक फॅरेडे निघाला. बाकीच्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत कारण त्यांच्या हातात ती तिकिटं कोणी दिलीच नाहीत.

---

तिरकस_रेघ

वहीकाकू, मुद्दा पटला, अर्धा. शाळा 'समजा' शिकवते, पण 'समजा मीच चुकत असेन तर' हे शिकवत नाही. माझ्या लेखी सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे. सांगण्यापेक्षा खेळूनच बघू.

माझ्या डोक्यात तीन आकड्यांचा एक नियम आहे. २-४-६ त्या नियमात बसतं. तुम्ही कुठलेही तीन आकडे विचारा, मी फक्त हो किंवा नाही सांगणार. खात्री झाली की नियम सांगायचा. कोण येतंय?

---

बेरकी_बोका

मी. ८-१०-१२?

---

तिरकस_रेघ

हो.

---

बेरकी_बोका

२०-२२-२४? आणि १००-१०२-१०४?

---

तिरकस_रेघ

दोन्हीला हो.

---

बेरकी_बोका

झालं की मग, दोन दोनने वाढणाऱ्या सम संख्या. यात काय एवढं.

---

तिरकस_रेघ

नाही.

१-२-३ पण बसतं आणि ५-४०-९०० पण बसतं. नियम एवढाच की आकडे चढत गेले पाहिजेत. बोकोबा, तुम्ही तिन्ही वेळा तेच विचारलंत ज्याला 'हो' येणार असं तुम्हाला वाटत होतं. २-४-७ विचारून बघितलं असतं तरी तुमचा नियम तिथल्या तिथे पडला असता.

हे पीटर वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं कोडं आहे, १९६० सालचं. त्यांनी २९ विद्यार्थ्यांवर करून बघितलं, विद्यापीठातली हुशार मुलं, आणि आधी चुकीचा नियम न सांगता थेट बरोबर नियमाला पोचले फक्त ६ जण. हुशारी कमी पडली असं नाही हो, आपला अंदाज मोडायचा प्रयत्न करावा हे सुचलंच नाही.

याच्या उलट सवय बघायची तर डार्विन. त्याने म्हातारपणी लिहून ठेवलंय की माझा एक सोनेरी नियम होता, माझ्या निष्कर्षांच्या विरोधात जाणारी कुठलीही गोष्ट वाचनात आली, दिसली, अगदी विचार जरी आला, तरी लगेच टिपून ठेवायची, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा गैरसोयीच्या गोष्टी डोक्यातून जास्त लवकर निसटतात हे मला अनुभवाने कळलं होतं. ही झाली सवय. मुक्ता, तुम्हाला डोळ्यांना दिसणारी हवी होती ना? कागद पेन्सिल घेऊन बसलेला माणूस, आणि काय टिपतोय तर आपल्याच म्हणण्याला कुठे भोक पडतंय ते.

---

बेरकी_बोका

ही शुद्ध फसवणूक आहे. २-४-६ दिल्यावर कोणीही सम संख्याच म्हणेल, तुम्ही उदाहरणच तसं निवडलंत. मुलाखतीत कोणी मला हे विचारलं तर मी उठून जाईन.

---

तिरकस_रेघ

उदाहरण मुद्दामच तसं निवडलंय, मान्य. पण जग पण तसंच करतं ना बोकोबा, पहिली दोन-चार उदाहरणं नेमकी अशी समोर येतात की आपण नियम ठोकून मोकळे. 'त्या कॉलेजची मुलं कामाची नसतात', 'ही भाषा बोलणारे असलेच'. त्यापुढे आपण फक्त ८-१०-१२ मोजत बसतो, जन्मभर.

---

निवांत_वाचक

बराच वेळ वाचतोय, चर्चा छान चाललीय पण एक गोष्ट खटकतेय म्हणून लिहितो. वरचं सगळं डोक्याचं शिक्षण आहे. प्रश्न विचारणं, समजा धरणं, स्वतःचा अंदाज तपासणं, हे सगळं येत असूनही माणूस भयंकर असू शकतो. २० जानेवारी १९४२ ला बर्लिनजवळ वान्झे इथे एका बंगल्यात पंधरा अधिकारी जमले होते, युरोपातल्या ज्यूंना संपवायच्या योजनेत कुठल्या खात्याने काय करायचं हे ठरवायला. त्यातल्या अर्ध्याहून जास्त जणांच्या नावामागे डॉक्टर होतं, बहुतेकांची डॉक्टरेट कायद्यातली. बैठक दीडेक तासात उरकली. ही माणसं काय घोकंपट्टीवाली होती का? भाषा नेमकी, मुद्देसूद. त्यांना शिकलेले म्हणायचं असेल तर मग मला या धाग्याचा विषयच कळला नाही.

अथेन्सचा आयसोक्रेटीस, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला, स्वतः शिक्षक, नव्वदी ओलांडल्यावर त्याने याच प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवलंय. कला, शास्त्रं किंवा खास कौशल्यं येतात त्याला मी शिकलेला म्हणत नाही असं आधीच सांगून टाकतो. मग कोणाला म्हणतो? रोजच्या रोज समोर येईल ते नीट निभावतो त्याला. जो सगळ्यांशी सभ्यपणे वागतो आणि दुसऱ्याचा तिरसटपणा सोसूनही स्वतः तसा होत नाही त्याला. जो सुखाने वाहवत नाही, संकटाने मोडत नाही. आणि सगळ्यात वर काय, तर यश मिळाल्यावर बिघडत नाही तो. तेवीसशे वर्षांपूर्वीचं आहे आणि मुक्ताताई, तुमच्या अर्ध्या पानात आरामात बसेल.

दिसणारी गोष्ट विचारलीत म्हणून मी स्वतः काय बघतो ते सांगतो. एखाद्या वयस्कर माणसाला फोनवर काहीतरी जमत नाहीये आणि तो मदत मागतोय. दहातले नऊ जण काय करतात? 'आणा इकडे' म्हणत फोन हातातून घेतात, चार वेळा खटाखट बोटं फिरवतात, 'हे घ्या, झालं'. काम झालेलं असतं, पण त्या माणसाला पुढच्या वेळी परत कोणाच्या तरी तोंडाकडे बघायला लागणार. एखादाच असा भेटतो जो फोनला हात लावत नाही. शेजारी बसतो, 'आता वर उजवीकडे तीन टिंबं दिसतायत का, ती दाबा' म्हणतो, आणि चुकीचं बटण दाबलं गेलं तरी सुस्कारा टाकत नाही, 'असू दे, मागे या' एवढंच. त्याला वेळ जास्त लागतो. पण आपल्याला जे येतं ते समोरच्याला आपोआप दिसत नसतं हे त्या माणसाला कळलेलं असतं, आणि समोरच्याचा मान कुठे दुखावतो हेही. मी त्याची डिग्री विचारत नाही.

---

कोरापान

निवांतराव, उदाहरण अंगावर आलं, पण मला वाटतं तुम्ही दोन गोष्टी एकत्र करताय. चांगुलपणा हा चांगुलपणा आहे, त्याला शिक्षण कशाला म्हणायचं? माझ्या ओळखीत अत्यंत भली माणसं आहेत ज्यांना कोणीही कसल्याही अफवेवर विश्वास ठेवायला लावू शकतं. त्यांच्याबद्दल आदर आहे, पण त्यांना शिकलेले म्हणवत नाही. फोन न हिसकावणारा मनुष्य प्रेमळ असेल, संयमी असेल, आणखी काय काय असेल.

आणि शिकलेल्याची एक बाजू अजून कोणी काढली नाही, आपलं कुंपण कुठे संपतं ते ओळखणं. लायनस पॉलिंग घ्या. १९५४ चं रसायनशास्त्राचं नोबेल आणि १९६२ चं शांततेचं, दोन्ही एकट्याच्या नावावर. आणि १९७० पासून हा माणूस भरमसाठ क जीवनसत्त्व घ्या, सर्दी होणार नाही, असं सांगत राहिला. नंतरच्या चाचण्यांत सर्वसाधारण लोकांची सर्दी त्याने टळते असं काही दिसलं नाही, तरी गडी हटला नाही. रसायनशास्त्रात त्याच्याशी वाद घालायची कोणाची प्राज्ञा, पण औषधाच्या चाचण्या हा वेगळा प्रांत. हुशारी होती, सद्हेतू पण होता निवांतराव, अणुचाचण्यांविरुद्ध उभा राहिलेला माणूस होता तो.

---

निवांत_वाचक

कोरापान, कुंपणाचं एकदम मान्य. बाकीचं नाही. समोरच्याला काय कळत नाहीये हे ओळखणं हा नुसता प्रेमळपणा नाही, ते कौशल्य आहे आणि शिकावं लागतं. वहीकाकूंना विचारा, चांगल्या शिक्षकाला ते यायला किती वर्षं लागतात. आणि वान्झेवाल्यांना तुम्ही काय म्हणणार हे तुम्ही अजून सांगितलं नाहीत.

---

जुनी_वही

वर्षं बरीच लागतात, आणि काहींना निवृत्त होईपर्यंत येत नाही 🙂

तुमच्या दोघांच्या भांडणात पडत नाही. मुक्ता, तुला कामाची गोष्ट सांगते. रोझेनब्लिट आणि काइल या येल विद्यापीठातल्या दोघांचा २००२ मधला अभ्यास आहे. लोकांना विचारलं, कपड्याची चेन (झिप) कशी चालते, कुलूप कसं चालतं, संडासचा फ्लश कसा चालतो, हे तुम्हाला किती कळतं, १ ते ७ मध्ये मार्क द्या. लोकांनी स्वतःला बरे मार्क दिले. मग म्हणाले, आता टप्प्याटप्प्याने लिहून दाखवा, आणि त्यानंतर परत मार्क द्या. मार्क घसरले. रोज वापरतो म्हणून आपल्याला कळतं असं वाटत असतं, लिहायला बसलं की पेन थांबतं.

हेच तू कर. त्यांच्या सीव्हीतली, त्यांनी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहिलेली एक गोष्ट घे आणि म्हण, मला यातलं काही कळत नाही असं धरा आणि पहिल्यापासून सांगा. अडखळतीलच, सगळेच अडखळतात, तिथे मार्क कापू नकोस. अडखळल्यावर काय करतात ते बघ. काही जण आवाज वाढवतात आणि जड शब्द फेकतात. काही जण चिडतात. आणि एखादी मुलगी म्हणते, 'अरेच्चा, इथपर्यंत मला येतं, याच्या पुढचं मी गृहीत धरत होते'. वर्गात असं वाक्य ऐकायला मिळालं की माझा दिवस सार्थकी लागायचा.

---

मुक्ता_लिहिते

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. वहीकाकू, तुमचा प्रश्न जसाच्या तसा उचलतेय. कोरापानांचा अनोळखी शब्दाचा पण. २-४-६ नाही घालत, बोकोबा उठून जातील 😀 त्याऐवजी असं विचारीन की गेल्या दोनेक वर्षांत कामाबद्दलचं तुमचं कुठलं ठाम मत बदललं आणि नेमकं कशामुळे. 'कशामुळे'ला उत्तर आलं नाही तर मत बदललेलं नाही, फक्त वारा बदललाय असं धरणार.

निवांतरावांचं काय करू कळत नाहीये. फोनवाली गोष्ट मला या सगळ्यात जास्त पटली आणि तीच तासाभराच्या मुलाखतीत बघता येत नाही. एक सुचतंय, बाहेर रिसेप्शनला जी मुलगी बसते तिला नंतर विचारायचं की कोण तुझ्याशी कसं बोललं. पण हे त्यांच्या नकळत पारखणं झालं, ते बरं दिसतं का? भाऊ म्हणाला बरं दिसत नाही. धागा वाचून खूश झालाय तो, लुरियाचं अस्वल घरात सगळ्यांना विचारत सुटलाय.

---

निवांत_वाचक

भावाशी सहमत, नकळत नको. त्यापेक्षा पॅनेलवरच्या एखाद्याला मुद्दाम दोनदा तोच प्रश्न विचारू द्या, समजलं नाही म्हणून. तिसऱ्यांदा सांगताना उमेदवार आधीचीच वाक्यं मोठ्याने म्हणतो की वेगळ्या वाटेने समजावतो, एवढं दिसलं तरी पुष्कळ.

---

बेरकी_बोका

गंमत सोडून एक विचारतो. एवढं सगळं करून समजा उमेदवार सरळ म्हणाला 'मला हे माहीत नाही', तर तुमच्या त्या मार्क द्यायच्या फॉर्ममध्ये त्याला मार्क द्यायला जागा आहे का? आमच्या फॉर्ममध्ये 'ज्ञान' असा रकाना असतो आणि तिथे अशा माणसाला शून्य पडतं, मग पॅनेलला कितीही आवडला असला तरी बेरजेत जातो बिचारा.

---

मुक्ता_लिहिते

आत्ता फॉर्म उघडून बघितला. नाहीये. 'विषयाचं ज्ञान', 'आत्मविश्वास' आणि 'संवाद कौशल्य', तिन्हीत त्याचे मार्क जाणार. अर्धं पान राहू दे, आधी साहेबांशी फॉर्मबद्दल बोलते.